तिसरा पासपोर्ट

१

चोर घाईत असतो, हुशार असतो, नाहीतर वेडा तरी असतो. जाम चौकातल्या हरचंदकडे आलेला चोर यातला कुठलाच नव्हता. त्यानं लोखंडी कपाट उघडलं, लाल कापडाचं गाठोडं बाहेर काढलं, आतल्या तीन पासपोर्टांपैकी एकच उचलला, बाकीचे दोन पुन्हा बांधले आणि गाठोडं होतं तिथं ठेवून दिलं. शेजारीच डबीत सोन्याच्या रिंगा होत्या. त्यांना हातसुद्धा लावला नाही.

हे सगळं सोमवारी सकाळी फोनवर ऐकताना इंदिराताई देशकर सावंगीच्या आपल्या घरात तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. इंदिराताई पोस्टमास्तर म्हणून निवृत्त झालेल्या, आणि नोकरीतली अकरा वर्षं जामच्या पोस्टात गेलेली. चौकातल्या माणसांची पत्रं, पार्सलं आणि भांडणं त्यांच्या हातून पुढे गेली होती. निवृत्तीनंतर लोक हरवलेल्या वस्तूंच्या तक्रारी त्यांच्याकडे आणू लागले, कारण त्या आरडाओरडा करत नसत आणि पोलिसांना सांगत नसत. त्यांचं आपलं एकच म्हणणं होतं, की पोस्टात पत्र क्वचितच हरवतं, बहुतेक वेळा भलत्या खणात पडलेलं असतं.

हरचंदला त्या तेरा वर्षांपासून ओळखत होत्या. सिंधमधल्या मीरपूरखासहून तो म्हातारी आई आणि सात वर्षांची मुलगी रुचिका यांना घेऊन आला, तेव्हा त्याचं पहिलं पत्र त्यांनीच तोललं होतं. बायको तिकडेच वारली होती. इथं त्यानं नमकीन-बिस्किटांचं दुकान टाकलं, वऱ्हाडी शिकला, इतकी की गिऱ्हाइकाशी भांडताना आता त्याला हिंदी आठवत नसे. पण कागदावर तो परकाच. लांब मुदतीचा व्हिसा, त्याची मुदतवाढ, पुन्हा अर्ज, पुन्हा मुदतवाढ. मग २०१४ अखेरपर्यंत आलेल्यांना नागरिकत्व मागता येईल असा नियम निघाला आणि तिघांचे अर्ज गेले. आता फक्त वर्ध्याला समितीपुढं मूळ कागद दाखवायचे राहिले होते. मूळ म्हणजे मूळच, झेरॉक्स चालणार नाही, असं पत्रात ठळक लिहिलं होतं.

"तपासणी पुढच्या सोमवारी होती, ताई," हरचंद म्हणाला. "शनिवारी मेसेज आला का या बुधवारीच या. म्हणून काल गाठोडं सोडलं. तीन होते, दोनच निघाले. रुचिकाचाच नाई."

आता रुचिकाचं ऐका. पोरगी नर्सिंग पास झाली होती. सावंगीच्या अलीकडं एका लहान दवाखान्यात तिच्यासाठी जागा धरून ठेवली होती, पण नर्स म्हणून नोंदणी नागरिकत्वापाशी अडलेली. दवाखान्याच्या बाईंनी दोनदा मुदत दिली होती आणि तिसऱ्यांदा सांगितलं होतं, निदान तपासणी झाल्याची पोच महिनाअखेर आण, नाहीतर मी दुसरी मुलगी घेते. पासपोर्ट हरवला म्हणून पोलिसात गेलं, तर पाकिस्तानी पासपोर्टाची चौकशी किती महिने चालेल ते कोणी सांगू शकत नव्हतं.

इंदिराताईंनी शेंगांचं ताट नवऱ्यापुढं सरकवलं. माधवराव निवृत्त भूगोल शिक्षक, घरातली गाडी तेच चालवत. त्यांनी एकही प्रश्न न विचारता किल्ली शोधायला घेतली.

"गाठोडं तू बांधलं होतंस तसंच होतं का?" इंदिराताईंनी फोन ठेवण्याआधी विचारलं.

मग हरचंद म्हणाला, "नाई. मी कचकचून दोन गाठी मारत असतो. ही एकच होती, अन् टोकं आत खोचलेली."

२

जामला रस्ते फुटतात, त्यामुळे तिथं कोणी राहायला आल्यासारखं दिसत नाही, सगळे थांबल्यासारखे दिसतात. ट्रक, संत्र्यांचे ढीग, चहाच्या टपऱ्या. हरचंदचं दुकान चौकातच आणि मागं दोन खोल्यांचं घर. घरात जायचं तर दुकानातूनच जावं लागे, म्हणजे बाहेरचा माणूस हरचंदच्या डोळ्यांसमोरूनच आत जाणार.

रुचिका रडून रडून सुजली होती, तरी तिनं आधी पाणी आणलं. खाटेवर जमनाबाई, म्हणजे हरचंदची आई, बसल्या होत्या. घरात आणि चौकात सगळे त्यांना अम्मा म्हणत. चौऱ्याहत्तर वर्षांची बारीक बाई, अंगात नातीचा नर्सिंग कॉलेजचा निळा स्वेटर, बाह्या दोनदा दुमडलेल्या. सकाळची थंडी अजून होती.

इंदिराताईंनी कपाट पाहिलं. किल्ली देवाच्या फोटोमागं असते, हे घरातल्या तिघांना ठाऊक. हरचंद मात्र बाहेरच्यांवर अडून बसला होता. त्याचे संशयित दोन. एक अंकित, फॉर्म भरणारा, कारण कागद शेवटचे त्याच्या हातात होते. दुसरा शेजारचा नीलेश, ताडपत्री आणि दोरखंडवाला. तो गुरुवारी दुपारी आत येऊन गेल्याचं समोरच्या चहावाल्यानं पाहिलं होतं, आणि हरचंद त्या वेळी हिंगणघाटला माल आणायला गेलेला. नीलेशला हे कोपऱ्याचं दुकान हवं होतं, हे तो स्वतःच चौकात बोलून दाखवत असे. हरचंद म्हणाला, आपल्याला हे लोक आजपण पाकिस्तानवालेच म्हणतात, मग दुसरं कोण असणार.

"अर्जाच्या वेळचे फोटो आहेत का?" इंदिराताईंनी विचारलं. रुचिकानं मोबाइलमध्ये दाखवले. हरचंद कॅमेऱ्याला घाबरलेला, रुचिका हसू दाबून, अम्मा ताठ बसलेल्या, खांद्यावर लाल-निळ्या छापाची जाड ओढणी. अजरक म्हणतात तिला, रुचिकानं सांगितलं, मीरपूरखासहून आणलेली. अम्मा उन्हाळ्यातसुद्धा ती सोडत नाही.

फोन परत घेताना रुचिकाच्या पर्समधून काहीतरी टपकन खाली पडलं. सुपारीएवढा गोल, तपकिरी दगड. ती लाजली. म्हणाली, अम्मानं दिला गुरुवारी, बरकतीसाठी जवळ ठेव म्हणून. कुठून आणला ते नाही सांगितलं, रस्त्यात सापडला म्हणे. इंदिराताईंनी तो दगड हातात फिरवला आणि परत दिला.

इंदिराताई उठल्या तेव्हा अम्मांनी ओल्या हरभऱ्याचे घाटे रुमालात बांधून त्यांच्या हातात दिले. रिकाम्या हातानं पाठवायचं नाही ही त्यांची पद्धत. मग हळूच, पोराला ऐकू जाणार नाही असं विचारलं, "पोस्टवाली बाई, ते सायबाले शुक्रवार चालन का? दोनच दिवस."

"का, अम्मा?"

अम्मांनी नजर वळवली. बाहेर ट्रकचा हॉर्न वाजला आणि हरचंद आत आला.

३

अंकितचं ऑनलाइन कामाचं दुकान बसथांब्यासमोर होतं. एका टेबलावर दोन कॉम्प्युटर, भिंतीवर योजनांचे कागद, आणि खुर्चीत अंकित, ज्याला एका वेळी तीन माणसांशी बोलायची सवय. इंदिराताईंना पाहून त्यानं दोघांना बाहेर बसवलं आणि त्यांच्यापुढं स्टूल सरकवलं.

तो घाबरला होता हे खरं. पण घाबरलेला माणूस चोर असतो असं नाही. जामच्या पोस्टात टेलिग्राम घ्यायला येणारे सगळेच घाबरलेले असत. त्यानं सांगितलं, गेल्या बुधवारी तिन्ही पासपोर्ट स्कॅन करायला आणले होते, आणि संध्याकाळी स्वतः नेऊन दिले, हरचंदनं ते न मोजताच गाठोड्यात बांधले. पुरावा म्हणून मोबाइल दाखवला. अम्माच्या हातात तीन हिरवी पुस्तकं, मागं कपाट, वेळ बुधवारी सव्वासहा.

"मी सगळ्यांचेच फोटो काढून ठेवत असतो, मॅडम. लोक नंतर मलेच धरतेत."

मग तो हरचंदवर चिडला. या माणसाचं काम आपण मन लावून केलं, देवळाच्या ट्रस्टकडून हिंदू असल्याचा दाखला आणून दिला, सही-शिक्का सगळं चोख, आणि हा आता आपल्यावर आळ घेतो. वरून आपण त्याला सावधपण केलं होतं. म्हातारीला दर गुरुवारी कुठं कुठं दर्ग्यात जायची सवय होती तिकडची. अंकितनं हरचंदला सांगितलं, बाबा, कागद हातात येईपर्यंत ते बंद ठेव, कोणी फोटो काढला आणि दाखल्यावर बोट ठेवलं तर काय करशील.

"असं कुठं लिहिलंय?" इंदिराताईंनी विचारलं.

अंकित गडबडला. लिहिलेलं नाही, म्हणाला, पण असं कुठंतरी झालं असं ऐकलं. कुठं, ते त्याला आठवत नव्हतं. व्हॉट्सॲपवर होतं.

इंदिराताईंना त्याचा मनापासून राग आला. फॉर्म भरणाऱ्यानं फॉर्मावर नसलेला रकाना लोकांच्या डोक्यात भरावा, यापेक्षा वाईट काम कोणतं, असं त्यांना वाटलं. पण पासपोर्ट बुधवारी संध्याकाळी घरात होता, एवढं नक्की झालं होतं. म्हणजे तो त्यानंतर गेला होता. आणि गुरुवारी घरात येऊन गेला नीलेश.

४

नीलेश दोरखंड मोजून कापत होता. पस्तिशीतला, तोंडाचा फटकळ, चौकातल्या कुठल्याही भांडणात आपण होऊन पडणारा. इंदिराताईंनी त्याच्या बापाचीही पत्रं वाटली होती, म्हणून तो उभा राहिला.

"मी काऊन घेऊ त्याचा पासपोर्ट?" तो म्हणाला. "मले का पाकिस्तानात जायचं हाय?"

दुकान हवं होतं हे त्यानं नाकारलं नाही. कोपऱ्याचं दुकान कोणाला नको, म्हणाला. पण हरचंद गेला तर उधारीत साखर-चहापत्ती कोण देईल, आणि भांडायला तरी कोण उरेल. रविवारी हरचंदनं सगळ्या चौकासमोर त्याला चोर म्हटलं होतं. दहा वर्षांच्या शेजारात असं कोणी म्हणेल असं त्याला वाटलं नव्हतं.

"मग गुरुवारी आत कशाला गेला होतास? आणि अकरा ते तीन तुझं दुकान बंद होतं, चहावाला सांगतो."

नीलेशनं दोर खाली ठेवला. "गेलतो. कुठं गेलतो ते नाई सांगत."

"पोलीस विचारतील तेव्हा?"

"त्यायलेबी नाई सांगत. शब्द देल्ला हाय एकाले. चोर म्हणायचं त म्हणा, ताई."

त्यानं दोर पुन्हा मोजायला घेतला. इंदिराताईंनीही रेटलं नाही. बाहेर पडताना त्यांनी त्याच्या मोटरसायकलकडं पाहिलं. मागच्या सीटवर चौघडी घातलेली गोधडी होती, नव्या पिवळ्या दोरानं चार ठिकाणी आवळून बांधलेली, आणि बाजूला धरायला दोराचीच एक कडी करून दिलेली. नीलेशचं लग्न झालं नव्हतं आणि त्याची आई वारून वर्षं झाली होती.

इंदिराताई त्या गोधडीपाशी बराच वेळ उभ्या राहिल्या. माधवरावांनी गाडीचा हॉर्न वाजवला तेव्हा त्या भानावर आल्या.

५

परतीच्या वाटेवर त्यांनी मांडीवरचा रुमाल उघडायला घेतला, अम्मांनी दिलेल्या घाट्यांचा. एकच गाठ. दोन्ही टोकं आत खोचलेली.

माधवराव रस्त्यावरची नजर न काढता म्हणाले, "सापडला का चोर?"

"चोर नाहीच," इंदिराताई म्हणाल्या आणि एक घाटा सोलू लागल्या. दुष्टाव्याची चोरी उलगडली की त्यांना हुरूप येई. इथं तो येत नव्हता.

मंगळवारी सकाळी नऊला त्या पुन्हा जामला हजर. हरचंद दुकानात गिऱ्हाइकांत, रुचिका शाळेतून जुना दाखला आणायला गेलेली. इंदिराताई सरळ आत गेल्या आणि खाटेवर अम्मांच्या शेजारी बसल्या.

"अम्मा, मी बोलते. चुकलं तर सांगा," त्या म्हणाल्या. "ज्याला तुमचं वाईट करायचं असतं, त्यानं तिन्ही नेले असते. ज्यानं एकट्या रुचिकाचा नेला, त्याला रुचिकासाठीच काहीतरी करायचं होतं. गाठ तुमची आहे, घाट्यांच्या रुमालाला होती तीच. तुमची अजरक कालपासून अंगावर दिसत नाही, थंडीत तुम्ही पोरीचा स्वेटर घालून बसलाय. म्हणजे अजरकेत काहीतरी बांधून कुठंतरी ठेवलंय. नीलेशच्या गाडीला म्हातारं माणूस बसेल अशी गादी बांधलेली आहे. आणि रुचिकाला दिलेला दगड रस्त्यात सापडत नाही. असे गोल दगड गिरडच्या टेकडीवर सापडतात, दर्ग्यापाशी."

इंदिराताईंनी अम्मांचे हात हातात घेतले.

"मला हे सगळं नंतर जुळलं. आधी कळलं ते तुमच्या प्रश्नावरून. घरात सगळे विचारत होते, पासपोर्ट सापडेल का. तुम्ही एकट्या विचारत होतात, शुक्रवार चालेल का. मी बत्तीस वर्षं पोस्टात काढली. वस्तू कुठल्या दिवशी हातात येणार हे ज्याला ठाऊक असतं, तोच वार विचारतो. तुम्ही ती गुरुवारी ठेवलीत आणि या गुरुवारी आणणार होतात. तपासणी सोमवारी होती, तेव्हा हिशेब बरोबर बसत होता. शनिवारच्या मेसेजनं तो चुकला."

मग अम्मा बोलू लागल्या, सिंधी, हिंदी आणि जामची बोली एकात एक मिसळून, आणि इंदिराताईंना सगळं समजत गेलं. त्यांच्या गावाबाहेर एक पीर होता. हिंदू काय, मुसलमान काय, कोणीही लांबच्या प्रवासाला निघालं की घरातली एखादी वस्तू गुरुवारी त्याच्या पायाशी ठेवायची, रजा मागायची, पुढच्या गुरुवारी वस्तू उचलायची आणि मगच निघायचं. अम्मांच्या सासूनं तसंच केलं होतं, सासूच्या सासूनंही. हे मात्र निघाले तेव्हा घाई होती. शेजाऱ्यांनासुद्धा सांगितलं नव्हतं.

"पीरालेबी नाई सांगतलं," अम्मा म्हणाल्या. "न पुसता निघालो, बाई. म्हणून तेरा साल कागद अडकून राह्यला. माझं अन् हरचंदचं जाऊ दे, आम्ही आपल्या पायानं आलो. लेकराले तर कोनी काही पुसलंच नाई. झोपलेली उचलून गाडीत टाकली. तिची तरी रजा मागाची होती."

तिकडं जाणं आता शक्य नव्हतं, म्हणून गिरडच्या बाबाकडं रजा मागितली. मग सांगितलं का नाही? सांगणार कसं. हरचंदनं रुचिकाच्या डोक्यावर हात ठेवायला लावून अम्मांना शपथ घातली होती, कागद होईपर्यंत दर्ग्याचं नाव काढायचं नाही. शपथ तर मोडलीच होती. आता तोंडानं कबूल केलं तर ती पोरीला बाधेल, आणि पासपोर्ट कुठं होता हे साहेबाला कळलं तर कागदही जाईल. दोन्हीकडून पोरगीच बुडत होती. आणि रविवारपासून हरचंद दुकानाच्या तोंडाशीच बसलेला, घराला दुसरं दार नाही.

दारात काहीतरी सरकलं. हरचंद उभा होता. हातातलं बिस्किटांचं खोकं त्यानं खाली ठेवलं आणि तो त्याच्यावरच बसला.

६

तो आईला रागावेल असं इंदिराताईंना वाटलं होतं. तो रागावला नाही. त्याला भीतीच इतकी वाटत होती की रागाला जागा नव्हती. कोणी पाहिलं असेल तर, हेच तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला. नीलेशला ठाऊक आहे, चहावाल्याला ठाऊक होईल, आणि देवळाच्या दाखल्याचं काय.

"हरचंद, मी सगळे फॉर्म वाचलेत," इंदिराताई म्हणाल्या. "पुढून आणि मागून. दर्ग्यात जाता का, असा रकाना एकावरही नाही. तो अंकितनं तुझ्या डोक्यात छापला आणि तू तुझ्या आईच्या."

मग त्यांनी त्याला हेही सांगितलं, की नीलेशनं चोर म्हणवून घेतलं पण म्हातारीला दिलेला शब्द मोडला नाही. गाठोड्यात काय आहे हे त्याला माहीतही नव्हतं. अम्मानं फक्त म्हटलं होतं, मले गिरडले नेजो, अन् हरचंदले नको सांगू. म्हणून तिला त्यानं चौकापलीकडं गाडीवर बसवलं होतं. हरचंद मान खाली घालून ऐकत होता. थोड्या वेळानं तो उठला, शेजारी गेला, आणि काय बोलला ते कोणी ऐकलं नाही. चहावाल्यानं मात्र दोन कप तिकडं नेले.

माधवरावांनी गाडी काढली. गिरडपर्यंत हरचंद सोबत आला, पण टेकडी चढला नाही, खालीच गाडीत बसून राहिला. अम्मा एकेक पायरी मोजत चढल्या आणि इंदिराताई त्यांच्या मागं. वर वारा होता, गर्दी नव्हती. दर्ग्याची सेवा पाहणारे मुजावर म्हातारे होते, त्यांनी अम्मांना लगेच ओळखलं. अजरक त्यांनी पेटीत नीट जपून ठेवली होती.

अम्मांनी हात पुढं केला नाही. गुरुवारला अजून दोन दिवस होते. रजा पुरी झाली नव्हती, आणि अर्धवट रजेवर पोरीला पाठवायला त्यांचं मन धजत नव्हतं. खाली मुलगा थांबला होता, उद्या अकरा वाजता वर्ध्याला साहेब बसणार होते, आणि ही बाई पेटीपुढं तशीच उभी. हा विषय इंदिराताईंच्या कुठल्याच खणात बसणारा नव्हता.

मुजावरांनी सगळं विचारून घेतलं. मग म्हणाले, "आठ दिवसाचं काय धरून बसल्या, माय. तेरा साल थांबल्या ना? झाली रजा."

अम्मा तिथंच खाली बसल्या आणि मोकळ्या रडल्या. मुजावरांनी अजरक त्यांच्या मांडीवर ठेवली.

७

बुधवारी तिघंही वर्ध्याला वेळेच्या तासभर आधी पोचले. इंदिराताई सोबत होत्या, पण बाकावर, कारण आत फक्त अर्जदार. दार मात्र उघडं होतं. समितीचं काम टपाल खात्याकडंच असल्यानं साहेबही त्याच खात्यातले, इंदिराताईंनी त्यांना कधीकाळी कारकून असताना पाहिलेलं. त्यांनी मान हलवली, एवढंच.

हरचंदचे कागद झाले, अम्मांचे झाले. रुचिकाचा पासपोर्ट साहेबांनी उघडला, फोटो पाहिला, पोरीकडं पाहिलं, प्रवेशाचा शिक्का शोधत पानं उलटली आणि थांबले. दोन पानांच्या मधे गुलाबाची एक सुकलेली पाकळी चिकटली होती.

"हे काय आहे?"

रुचिका बापाकडं पाहू लागली. हरचंद बाकीचे कागद साहेबांपुढं सरकवू लागला. अम्मांना रस्ताभर बजावलं होतं की विचारल्याशिवाय बोलायचं नाही. आता विचारलं होतं.

"पीरबाबाचं फूल हाय, सायेब," अम्मा म्हणाल्या. "गिरडचं. मी ठेवलतं पासपोर्ट तिथं. पोरीची रजा मागाले."

खोलीत टायपिंगचा आवाज थांबला. साहेबांनी पाकळी चिमटीत उचलली आणि समोरची यादी वरून खाली वाचली, जणू खरंच शोधत होते.

"यात फुलाचा रकाना नाही," ते म्हणाले. "पासपोर्ट पुढं जमा करावा लागेल. हे तुमच्याजवळ ठेवा." पाकळी त्यांनी अम्मांच्या तळहातावर दिली आणि शिक्का शोधला. मूळ कागद पाहिले असं लिहून खाली सही केली. मग तिघांना उभं करून शपथ वाचायला दिली. अम्मांना वाचता येत नव्हतं, म्हणून रुचिका एकेक वाक्य सांगत गेली आणि त्या मागून म्हणत गेल्या.

त्या दिवसाची पोच पाहून दवाखान्याच्या बाई आणखी थांबायला तयार झाल्या. प्रमाणपत्रं चैत्रात आली, तीही अंकितच्या कॉम्प्युटरवर, आणि त्यानंच ती छापून दिली. पोस्टानं काहीच येत नाही आता, असं इंदिराताई जरा खट्टू होऊन म्हणाल्या. पण त्या जामला गेल्या होत्या, पेढे खायला. नीलेश दुकानात आधीच बसलेला आणि हरचंदशी साखरेच्या भावावरून वाद घालत होता.

अम्मांनी रुचिकाचा तो कागद हातात घेतला, उलटा-सुलटा पाहिला, आणि अजरक पसरून तिच्यात घडी घालू लागल्या. एकच गाठ, टोकं आत. वार गुरुवार होता. ज्याची रजा घेतली त्याला पोचल्याचंही कळवावं लागतं, असं त्यांचं म्हणणं.

"अम्मा, ओरिजिनल नको नेऊ व," रुचिका घाबरून म्हणाली. "झेरॉक्स ने."

"पीराले कोनी झेरॉक्स दाखवते का?"

रुचिकानं बापाकडं पाहिलं. गुरुवारी हिंगणघाटहून माल आणायचा असतो, तरी त्या दिवशीसुद्धा हरचंदनं आपणहून दुकान तेरा वर्षांत कधी बंद ठेवलं नव्हतं. त्यानं नीलेशपुढं हात केला, तसा नीलेशनं खिशातून मोटरसायकलची किल्ली काढून दिली. गोधडी अजून सीटवर बांधलेलीच होती. हरचंदनं शटर अर्धं ओढलं, चौकात कोण कोण पाहतंय ते एकदा पाहिलं, आणि मग पूर्ण खाली घेतलं.